हाताची घडी, तोंडावर बोट

शाळेने शिकवलेली आणि जन्मभर न विसरलेली एखादी ओळ सांगा, असे महाराष्ट्रातल्या कुणाही शिकलेल्या माणसाला विचारले, तर ती बहुधा कवितेतली निघणार नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हीच ती ओळ असेल. पावकी-दिडकी विसरते, सनावळ्या विसरतात, उपनद्यांची नावे तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच वाहून जातात. पण ही आज्ञा कानावर पडली की साठी ओलांडलेल्या माणसाचा हातही नकळत वर सरकतो. शाळेची कीर्तीसुद्धा आपल्याकडे याच मापाने मोजली गेली. ‘त्या शाळेत टाचणी पडली तरी ऐकू येते’ असे जिच्याबद्दल बोलले जाई, त्या शाळेत प्रवेशासाठी पालक खटपट करीत. टाचणीचा आवाज ऐकण्यासाठी आपण मुले शाळेत धाडत नाही, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात येत नसे.

वर्गात शिस्त नको, असे म्हणण्याचा हा खटाटोप नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग पावसाळ्यात, गळक्या छपराखाली सांभाळणे काय असते, याची कल्पना ज्याला आहे तो असे म्हणणारही नाही. मुद्दा एवढाच की, गप्प बसलेला वर्ग शिकतो आहे असे आपण कशावरून धरून चालतो? आणि बोलणारा वर्ग म्हणजे बिघडलेला वर्ग, हे तरी कशावरून?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मोफत प्रवेश, पंचवीस टक्के जागा, छडीला बंदी एवढे त्यातले आपल्याला ठाऊक असते. पण त्याच कायद्याच्या २९व्या कलमात शिकवावे कसे, हेही सांगितले आहे. मुलाची भीती, दडपण आणि चिंता दूर करावी आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे वर्गात बोलणे हा मुलाचा हक्क आहे. गुरुजींच्या मर्जीने मिळणारी सवलत नव्हे. कायदा होऊन दीड दशक उलटले. छडी बऱ्याच अंशी गेली, बोट मात्र तोंडावरून फारसे हलले नाही. ते का हलत नाही, हे समजून घ्यायचे तर एखाद्या ठिकाणाकडे नीट पाहावे लागते. नोकरीच्या निमित्ताने नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली भागात माझे येणे-जाणे पुष्कळ झाले, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

बिलोली हा अगदी काठावरचा तालुका. मांजरेवरचा येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण लागते आणि पुढे बोधनची वाट. नकाशावरची रेघ नदीतून गेली आहे, पण माणसांच्या नात्यांतून ती गेलेली नाही. इकडच्या मुली तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या सुना इकडे नांदताहेत. बाजाराच्या दिवशी एका दुकानापुढे उभे राहिले तर मराठी, तेलुगू, उर्दू आणि तांड्यावरची गोरबोली अशा चार भाषा कानी पडतात. त्यामुळे वर्गात बसलेल्या एका मुलाच्या घरी पावसाला ‘वान’ म्हणतात, दुसऱ्याच्या घरी ‘बारिश’, आणि पुस्तकात मात्र ‘पर्जन्यवृष्टी’ झालेली असते. ज्याच्या घरी मराठीच बोलतात, त्याचेही दुखणे वेगळे नाही. ‘नदीला पाणी यायलंय’ असे तो सांगतो, तेव्हा ‘यायलंय नाही, येत आहे म्हण’ अशी दुरुस्ती होते आणि वर्ग हसतो. पाण्याविषयी त्याला जे सांगायचे होते ते राहूनच जाते. दोन-तीनदा असे झाले की मूल शहाणे होते, म्हणजे गप्प राहायला शिकते.

मराठवाड्याच्या माणसाला तरी हे दुःख नवे असू नये. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, निजामाच्या राजवटीत, इथल्या मराठी मुलाला वरच्या शिक्षणासाठी उर्दूची वाट धरावी लागे. १९१८ साली हैदराबादला स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. पण बिलोलीच्या किंवा उदगीरच्या पोरासाठी ती देशी भाषाही परकीच होती. घरी एक बोलायचे आणि वर्गात दुसरीच भाषा ऐकत मुकाट बसायचे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले. सभा घ्यायची तरी ‘गश्ती निशान ५३’ या हुकमाखाली आगाऊ परवानगी काढावी लागे. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठ सोडावे लागले आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तोंड उघडण्याची किंमत काय असते, हे ज्या प्रदेशाने इतक्या जवळून पाहिले, त्याच प्रदेशातल्या शाळेत आज तेलुगू किंवा गोरबोली बोलणारे पोर खाली मान घालून बसलेले असावे, हे काही बरे नव्हे. आता यात इंग्रजी माध्यमाची भर पडली आहे. टाय लावलेले मूल ‘मे आय गो टू टॉयलेट’ एवढे घडाघडा म्हणते. पुढचे सारे मौन.

गप्प बसण्याने बिघडते काय, असे कुणी विचारील. परीक्षेत तर ही मुले पास होतात. इथे माझा बँकेतला अनुभव सांगणे भाग आहे, कारण शाळेत न विचारलेल्या प्रश्नांची बिले पुढे कुठे येतात, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. कर्जाचे कागद पुढे ठेवले की, बी.ए. झालेला तरुणसुद्धा पहिला प्रश्न एकच विचारी.

‘साहेब, सही कुठं करू?’

‘अहो, आधी वाचा तरी.’

‘तुम्ही दाखवाल तिथं करतो, साहेब. तुम्ही काय वाईट सांगणार आहात का?’

या विश्वासाने माणूस सुखावतो, पण घरी गेल्यावर अस्वस्थही होतो. व्याज सरळ आहे की चक्रवाढ, हप्ता चुकला तर काय, विमा कशाचा उतरवला, यातले एकही अक्षर तो विचारीत नसे. जामीनदारांची कथा तर याहून वाईट. मित्राचा आग्रह, मामाचा शब्द, म्हणून तो येई आणि सही ठोकून चहा पिऊन जाई. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या १२८व्या कलमानुसार करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे त्याला वसुलीची नोटीस हातात पडल्यावर कळे. ‘मी तर नुसती सही केली होती’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा हिशेब ठेवला नाही. ही माणसे अडाणी नव्हती. दहा-पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात काढलेली होती. पण त्या दहा-पंधरा वर्षांत ‘हे असे का?’ असे मोठ्या माणसाला विचारण्याचा सराव त्यांना एकदाही मिळाला नव्हता. टेबलापलीकडे खुर्चीत बसलेला माणूस दिसला की त्यांच्या तोंडावर ते जुनेच बोट येऊन बसे.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६८ साली लिहिलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या पद्धतीला बँकेचीच उपमा दिली आहे. शिक्षक म्हणजे ठेवीदार, मुलाचे डोके म्हणजे खाते. शिक्षकाने भरणा करीत जायचे आणि मुलाने तो मुकाट जमा करून घ्यायचा. उपमा मार्मिक आहे. मात्र बँकेत हयात घालवलेल्या माणसाला तिच्यात एक पुरवणी जोडाविशी वाटते. नुसत्या ठेवी घेऊन कुठलीही बँक चालत नाही. ठेव ही बँकेच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला लिहितात. ते बँकेवरचे ओझे असते. तो पैसा कर्जरूपाने बाहेर गेला, कुणाच्या विहिरीत, कुणाच्या दुकानात फिरला, तरच व्याज येते. मुलाच्या डोक्यातल्या माहितीचेही असेच आहे. ती त्याच्या तोंडून बाहेर पडावी, दुसऱ्याच्या म्हणण्यावर घासली जावी, चुकीची ठरली तर दुरुस्त होऊन परत यावी. परीक्षेच्या दिवशी एकदा सगळे खाते रिकामे केले आणि दुसऱ्या दिवशी शिल्लक शून्य, याला शिक्षण म्हणावे की नुसता व्यवहार?

वर्गातली चर्चा ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. प्रश्नोपनिषदाचे नावच पुरेसे बोलके आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात आणि प्रत्येक जण आपला प्रश्न मांडतो. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. चक्रधरस्वामी आणि त्यांचे शिष्य यांच्यातल्या संवादांनी तो भरला आहे. त्यात स्वामींना पुन्हापुन्हा प्रश्न विचारणाऱ्या महदाइसा ही एक विधवा स्त्री होती. तेराव्या शतकात गोदावरीच्या काठी एका स्त्रीला जे विचारता येत होते, ते विचारायला आज त्याच काठावरच्या आठवीतल्या मुलीला धीर होऊ नये, याचा दोष परंपरेवर ढकलता येणार नाही.

आणि नांदेडकरांना तर तेराव्या शतकापर्यंत जाण्याचीही गरज नाही. नरहर कुरुंदकर १५ जुलै १९३२ रोजी जन्मले. इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, मग स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेतून १९५० साली उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि शेवटी तिथलेच प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यासपीठावरच त्यांचे प्राण गेले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि संगीतापासून राजकारणापर्यंत त्यांनी जे लिहिले, त्याचा मोठा भाग आधी व्याख्यानांतून आणि वादांतून घडलेला आहे. समोरच्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकायचे, ते त्याच्याहून नीट मांडायचे आणि मग खोडायचे, ही त्यांची रीत होती. परीक्षेने ज्याला पुन्हापुन्हा नाकारले, तोच माणूस मराठवाड्याचा विचार करायला शिकवणारा गुरू ठरला. परीक्षा मोजते ते आणि माणसाला कळते ते, यांत अंतर असू शकते, याचा याहून जवळचा दाखला कोणता द्यावा?

आता लातूर पॅटर्नबद्दल बोलले पाहिजे, कारण बिलोलीच्या पालकाचे डोळे आज तिकडेच लागलेले असतात. १९८०-९०च्या काळात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी जादा तास, सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा अशी कडक शिस्त बसवली आणि मराठवाड्याची मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली. या गोष्टीला नाक मुरडणे सोपे आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांनीच डॉक्टर व्हायचे, हा समज या पॅटर्नने मोडला. कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात पोचली, तिच्या मागे अख्खे खेडे शिकू लागले. हे ऋण मोठे आहे. पण औषध कितीही गुणकारी असले तरी ते जेवणाच्या जागी घेत नाहीत. बारावीच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी शोधलेली रीत आता पाचवी-सहावीपर्यंत खाली उतरली आहे. चार पर्यायांतला एक निवडण्याचा सराव करून मूल प्रवेशपरीक्षा जिंकेल. पण हे चारही पर्याय अपुरे आहेत, असे म्हणण्याची वेळ आयुष्यात आली तर त्याने काय करावे? रोगी पुढे बसल्यावर तो चार पर्याय घेऊन येत नाही. त्याला प्रश्न विचारावे लागतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबावेही लागते.

हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शेकडो तासांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक मुलाच्या उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात, असे तिला आढळले. तेवढ्यात उत्तर आले नाही की शिक्षक दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. जिथे शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले, तिथे उत्तरे लांब आली, अधिक मुले बोलू लागली आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. दोन सेकंदांचा फरक! याला अनुदान लागत नाही, प्रशिक्षण शिबिर लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही. प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजले की झाले. ज्या मुलाला घरच्या भाषेतून पुस्तकी भाषेत यायला वेळ लागतो, त्याच्यासाठी तर ते पाच आकडे म्हणजे मांजरेवरचा पूलच आहे.

दुसरा उपाय हिशेबाचा आहे. पस्तीस मिनिटांचा तास धरा आणि साठ मुलांचा वर्ग. हजेरीत पाच मिनिटे गेली. उरलेल्या तिसांपैकी वीस शिक्षक बोलले. राहिली दहा मिनिटे, म्हणजे सहाशे सेकंद. प्रत्येक मुलाने एकेक करून उभे राहून बोलायचे ठरवले तर वाट्याला येतात दहा सेकंद. नाव सांगून खाली बसायचे. पण ‘शेजारच्याला सांग’ असे म्हणून त्याच दहा मिनिटांत वर्गाच्या तीस जोड्या केल्या, तर प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटे मिळतात. तीनशे सेकंद. त्याच वेळात, त्याच खोलीत, तीसपट. आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणे, मग चार-पाच जोड्यांनी सगळ्यांपुढे सांगणे, ही रीत फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली आणि आज ती जगभर वापरली जाते. गोंगाट होतो खरा. पण आठवडी बाजारात गोंगाट असतो तेव्हाच व्यवहार होत असतात, हे आपण जाणतो.

बोलायचे कशावर, हा पुढचा प्रश्न. ‘शिस्तीचे महत्त्व’ असल्या विषयावर चर्चा ठेवली तर मुले निबंधातली वाक्येच म्हणून दाखवतील. विषय मुलांच्या अंगणातला हवा आणि त्याला दोन खऱ्या बाजू हव्यात. बिलोलीच्या मुलांना असा विषय शोधायला लांब जायला नको. शेजारच्या धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. तो तेलंगणातल्या श्रीरामसागर प्रकल्पाच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येतो, म्हणून तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहिला, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारे उघडी ठेवायची, साठा २.७४ टीएमसीच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, असे ठरले.

नववीच्या वर्गाचे दोन भाग करा. एका भागाने धर्माबादचा शेतकरी व्हायचे, दुसऱ्याने श्रीरामसागरखालचा. पहिला भाग लगेच विचारील की, पाऊस संपल्यावर दारे लावायची तर पाणी येणार कुठून? दुसरा म्हणेल, वरच्यांनी अडवले तर आमच्या धानाचे काय? मग शिक्षकांनी एकच शब्द उच्चारायचा: ‘कशावरून?’ एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे कुणीतरी शोधून आणील. लिटर किती झाले, याचे गणित फळ्यावर होईल. ऑक्टोबरनंतर नदीला किती पाणी असते, हे कुणाचा तरी आजोबा सांगेल. भूगोल, गणित, नागरिकशास्त्र, मराठी हे चार विषय एका तासात येतील, आणि ज्याच्या घरी तेलुगू बोलतात ते पोर त्या दिवशी वर्गातले सर्वांत मोलाचे साक्षीदार ठरेल, कारण त्याची मावशी नदीच्या पलीकडे राहते आणि तिकडचे म्हणणे त्यालाच ठाऊक आहे. तास संपताना बाजू बदलायला लावायची. ज्याने धर्माबादची बाजू मांडली त्याने आता पलीकडची मांडायची. निवाडा देण्याची घाई शिक्षकांनी करू नये. तो न्यायालयाने दिलाच आहे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून एकदा बोललेले मूल पुढे दंगलीत दगड उचलताना कदाचित क्षणभर थांबेल. तेवढे झाले तरी मिळवले.

अशा तासात सांभाळायच्या गोष्टीही आहेत. चर्चा म्हणताच पुढच्या बाकावरची तीन-चार बोलकी मुले मैदान मारतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात. ही तीन-चार मुले कुणाची असतात, हेही पाहावे. बहुधा मास्तरांची, व्यापाऱ्याची, पुढाऱ्याची. तांड्यावरचे, वस्तीवरचे मूल मागे असते. मुली तर उत्तर ठाऊक असूनही मान खाली घालतात, कारण मोठ्याने बोलणारी मुलगी घरी-दारी ‘फटकळ’ ठरते. म्हणून बोलण्याची पाळी वाटून द्यावी लागते, जेवणावळीत वाढपी पंगत सोडत नाही तशी. चुकीचे उत्तर आले तर हसू न देणे, हे शिक्षकांचे सर्वांत अवघड काम. आणि आपल्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही, उद्या आपण सगळे शोधून आणू’ असे म्हणणे त्याहून अवघड. ज्या शिक्षकाला हे म्हणता येते, त्याचा मान मुलांच्या मनात कमी होत नाही, वाढतो.

शिक्षकांची अडचण मी जाणतो. पोर्शन पूर्ण झाला नाही तर मुख्याध्यापक विचारतात. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब, रोज भरायची ऑनलाइन माहिती यातून शिकवायला वेळ काढावा लागतो. उच्च प्राथमिक वर्गाला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसलेल्या दिसतात. शिवाय सगळेच काही चर्चेने येत नाही. पाढे पाठच करावे लागतात, शुद्धलेखन गिरवावेच लागते. आठवड्याला प्रत्येक विषयाचा एखादा तास मुलांच्या तोंडी दिला तरी चालेल, पण तो नेमाने दिला पाहिजे. दहावीला भाषेच्या तोंडी परीक्षेसाठी गुण ठेवलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी ते मुलाला तोंड न उघडू देताच घाऊक वाटले जातात. निदान ते गुण तरी बोलण्याला मिळावेत.

आणि हे आपल्याकडे होऊ शकत नाही, असेही नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या प्रश्नांना तिथे अभ्यासाइतकेच स्थान दिले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या साध्या जिल्हा परिषद शाळांनी गटागटाने, एकमेकांशी बोलत शिकण्याची रीत रुजवली. २०१५च्या सुमारास राज्यभरचे शिक्षक ती पाहायला गाड्या करून जात. परत येऊन अनेकांनी फरशीवर रंगीत आखणी करून घेतली. रंग आले, बोलणे मात्र सगळीकडे आले नाही, कारण ते डब्यात भरून आणता येत नाही. खुद्द बिलोली तालुक्यात सगरोळीला बाबासाहेब देशमुखांनी १९५९ साली संस्कृती संवर्धन मंडळ स्थापून आडगावात शिक्षणाचे केंद्र उभे केले. अशा ठिकाणी शाळा कशा चालणार, असे तेव्हाही कुणी म्हटलेच असेल.

शेवटी घराकडे वळू, कारण रविवारचा हा अंक घरातच वाचला जातो. मूल पहिले मौन शाळेत शिकत नाही, घरी शिकते. ‘मोठ्यांच्या मधे बोलू नये’, ‘पाहुण्यांपुढे गप्प बस’, ‘तुला काय कळतंय?’ ही वाक्ये आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, ते एकदा मोजून पाहावे. शाळेतून आलेल्या मुलाला आपण ‘किती मार्क पडले?’ एवढेच विचारतो. ‘आज काय पटलं नाही?’ असे विचारून पाहिले तर पहिले काही दिवस ते गोंधळून पाहील. पाचव्या-सहाव्या दिवशी बोलू लागेल. कधी ते आपल्यालाच ‘कशावरून?’ म्हणेल. तेव्हा रागावू नये.

याखेरीज कायद्याने पालकांना आणखी एक जागा दिली आहे. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. पुष्कळ गावांत या सभेला पालक येतात, सतरंजीवर बसतात, चहा घेतात आणि इतिवृत्ताच्या वहीत दाखवतील तिथे सही किंवा अंगठा करून घरी जातात. वही चोख राहते. पुढच्या सभेला सही करण्यापूर्वी एखाद्या आईने एवढेच विचारावे की, ‘गुरुजी, आमची पोरगी वर्गात बोलते का?’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.